बुरशीचं छत

माझं सासर दिंद्रुडचं. रस्त्याला लागून किराण्याचं दुकान, मागं तीन खोल्या, आणि त्यांच्याही मागं सरकी पेंडीचं गोदाम. लग्न होऊन मी तिथं गेले तेव्हा घरावर नवेकोरे पत्रे होते. त्याआधी माळवद होतं, म्हणजे लाकडी सऱ्यांवर हातभर मातीचा थर. दोन पावसाळे ते गळलं, एक सरा वाकला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी माळवद उतरवून पत्रे टाकले. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. मामांचा त्या पत्र्यांवर राग होता, पण ते त्यांनी स्वतःच टाकलेले, त्यामुळं राग काढणार कुणावर?

मामा अंगानं किडकिडीत होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या करडकीत, म्हणजे छोट्या डबीत, लिंग. पहाटे अंघोळ करून लिंगपूजा केल्याशिवाय दुकानाची फळी काढायचे नाहीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच, मामा, माझा नवरा आणि मी. मामा माझ्याशी वाईट वागत नव्हते, पण बोलतही नव्हते. "सूनबाई, पान दे," "सूनबाई, दार लाव," एवढंच.

उन्हाळ्यात दुपारी ते घरात थांबतच नसत. जेवण झालं की देवळाच्या दगडी मंडपात जाऊन आडवे व्हायचे, ते चार वाजता उठून थेट दुकानात. त्यामुळं पत्र्याखालची दुपार माझ्या वाट्याला यायची, त्यांच्या नाही.

मग लॉकडाऊन लागला. दुकान सकाळी अकरालाच बंद करायचं आणि देवळाला तर कुलूपच. मामांना पहिल्यांदाच वैशाखातली दुपार घरात काढावी लागली. मधल्या खोलीत बाज टाकून, छातीवर ओला पंचा ठेवून ते पडून असायचे. बारा ते तीन लाईट नसायची, त्यामुळं कूलर नुसता उभा. विड्याची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची त्यांची पद्धत होती. ते फडकं दुपारपर्यंत दोनदा वाळून कडक व्हायचं. एक दिवस ते उठून उभे राहिले आणि भिंतीला धरून खालीच बसले. उलटी झाली, अंग तापलेलं. डॉक्टर घरी येऊन सलाइन लावून गेले. "ऊन लागलंय," म्हणाले.

"घरात?" नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टरांनी नुसतं वर पत्र्याकडं बघितलं.

त्या आठवड्यात मी मामांच्या उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते, तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "सूनबाई, तू मोमिनाबादला शिकलीस म्हणत्यात. शिकलीस काय नेमकं?"

मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. जुनी माणसं अजून तेच नाव घेतात. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मला या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी म्हणाले, "मायक्रोबायोलॉजी, मामा. डोळ्यांना दिसत नाहीत असल्या जिवांचं शास्त्र."

"दिसत न्हाई तर शिकवत्यात कसं?"

मला हसू आलं. मग मी त्यांना सगळं सांगत बसले. सूक्ष्मदर्शक कसा असतो, दही कसं लागतं, भाकरीवर बुरशी कशी येते. त्यांना झोप लागली की काय म्हणून मी थांबले, तर म्हणाले, "फुडं?"

तो शब्द माझ्या मनात घर करून बसला. माझं माहेर गेवराईचं. बीएस्सीला मी अंबाजोगाईत होस्टेलवर राहिले. ती तीन वर्षं मी लग्नानंतर जणू ट्रंकेत घालून ठेवली होती. लॅबमधला स्पिरिटचा वास, रात्रभर चालणाऱ्या इनक्युबेटरची घरघर, संध्याकाळी चौघीजणी मुकुंदराजाच्या समाधीकडं पायी जायचो तो उतार, सगळं एकदम वर आलं. आणि त्यातच एक जुनी गोष्ट आठवली. शेवटच्या वर्षाला आम्ही भुशावर अळिंबी, म्हणजे मशरूम, वाढवत होतो. एक ताटली फडताळात विसरून राहिली. महिन्यानं काढली तर बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी सगळा भुसा असा बांधून टाकला होता, की हातानं मोडेना. आमच्या मॅडमनी ती वाळलेली चकती टेबलावर ठोकून दाखवली होती. "बाहेर देशात लोक याच्या विटा करायला लागलेत, मुलींनो. घर बांधायला. आतमध्ये हवा धरून ठेवते ही, उष्णता पलीकडं जाऊ देत नाही." आम्ही 'हो मॅडम' म्हणून वही बंद केली होती.

रस्ते मोकळे झाल्यावर मी मॅडमना फोन लावला. त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी आवाज ओळखला. "बुरशीचं बी मी मिळवून देते," म्हणाल्या, "पण कच्चा माल काय वापरशील?"

दिंद्रुडच्या कुठल्याही बांधावर जा, कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या दिसतील. लोक त्या उपटतात आणि ढीग करून पेटवून देतात. सोयाबीनचा भुसाही तसाच पडलेला. मी म्हणाले, "मॅडम, त्याची आमच्याकडं कमी नाही."

नवऱ्यानं मोटारसायकलवर मला अंबाजोगाईला नेलं. ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेल्या बुरशीच्या दोन पिशव्या मॅडमनी माझ्या हातात दिल्या. दाणे पांढऱ्या जाळीनं एकमेकांना चिकटलेले. येताना मी त्या पदराखाली धरल्या होत्या. नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "लोक पत्र्याखाली कूलर लावतात. माझी बायको बुरशी लावणार."

पण घरी खरी अडचण निघाली ती मामांची. आमच्या लिंगायत घरात अळिंबी म्हणजे जवळजवळ मांसच. माझ्या माहेरीही कुणी खात नाही. पिशव्या बघून त्यांनी विचारलं, "ह्ये कुत्र्याच्या छत्रीचं बी का?"

"हो मामा. पण छत्री येऊ द्यायची नाही. त्याच्या आधीच थांबवायचं. नुसती मुळं वापरायची. खायचं नाही, छताला लावायचं."

"थांबवायचं म्हंजे?"

"भट्टीत घालून वाळवायचं."

"म्हंजे जितं हाय ते. आन् तू मारणार."

"हो," मी म्हणाले. खोटं बोलवत नव्हतं. दोन दिवस ते त्या पिशव्यांना वळसा घालून जात राहिले. तिसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर म्हणाले, "पऱ्हाटी तशी बी लोक जाळत्यातच. कर तुला काय करायचं ते. पर सैपाकघरात न्यायचं न्हाई, आन् मला भट्टीकडं बोलवायचं न्हाई."

मी कामाला लागले. पऱ्हाट्या कडबा कापायच्या कुट्टी मशीनमधून बारीक करून आणल्या. परसात तीन दगडांवर पिंप ठेवून त्यात पऱ्हाटी आणि भुसा तासभर उकळला, बाजेवर पसरून निथळला, गार झाल्यावर त्यात गव्हाचा कोंडा आणि बुरशीचं बी मिसळलं. साच्याचा प्रश्न बेकरीवाल्यानं सोडवला. आमच्या दुकानात त्याचे पाव आणि खारी यायची. माझ्या नवऱ्याचा तो शाळेतला दोस्त. त्यानं जुने पत्र्याचे ट्रे दिले आणि म्हणाला, "वहिनी, दुपारी पाव निघाल्यावर भट्टी तशीच गरम पडून राहती. फुकट गर्मी जाती सगळी. घेऊन या तुमचा माल."

ट्रे भरून, वर भोकं पाडलेला प्लास्टिकचा कागद लावून मी ते पेंडीच्या गोदामात अंधारात ठेवले. आठ दिवसांनी कागद काढला तर सगळे हिरवे. आंबूस वास. पेंडीच्या पोत्यांना पावसाळ्यात बुरा लागतो, तोच माझ्या ट्रेमध्ये उतरला होता. एक पिशवीभर बी वाया गेलं. मी परसात त्या हिरव्या चिखलापुढं बसून रडले. खरं तर बीएस्सी झालेल्या मुलीला जागा निवडण्याएवढी अक्कल असायला हवी होती.

मामा दारात येऊन उभे राहिले. "कावून रडतीस?"

"चुकलं माझं."

"पेंडीजवळ ठिवलंस व्हय. मला इचारायचं न्हाई का? पेंडीपशी गूळ बी ठिवत न्हाई मी." मग म्हणाले, "जुन्या माळवदाच्या जिन्याखाली ठेव. तिथं कोरडं असतंय."

जिन्याखाली जमलं. बारा दिवसांनी कागद उचलला तेव्हा ट्रेभर दुधावरची जाड साय पसरल्यासारखं दिसत होतं. बोटानं दाबलं तर मऊ, पण उलटं केलं तरी एक काडी सुटेना. वास ओल्या लाकडासारखा. मी नवऱ्याला हाक मारली, आणि तो येईपर्यंत तशीच ट्रेकडं बघत बसले. कॉलेजात मला कधी इतका आनंद झाला नव्हता.

बेकरीत पहिली लादी भट्टीत सरकवली तेव्हा बेकरीवाल्याचा कारागीर ओरडला, "ये क्या है मालिक, केक है क्या?"

"खाके देख," बेकरीवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

चार-पाच तासांनी लादी बाहेर आली ती फिकट तपकिरी, आणि पापडासारखी हलकी. मी ठोकून बघितली. तोच जुना, लॅबमधल्या टेबलावरचा आवाज आला. मग पुढं सगळा हिवाळा मी लाद्या करत राहिले. बी संपत आलं की त्यातलंच थोडं शिजवलेल्या ज्वारीवर वाढवायचं. मधल्या खोलीचं छत झाकायला किती लागतील याचा हिशोब नवऱ्यानं फरशीवर खडूनं ट्रे आखून केला होता. होळीच्या सुमाराला पत्र्याच्या अँगलना पट्ट्या मारून त्यानं आणि बेकरीवाल्यानं मिळून लाद्या बसवल्या. पत्रा आणि लादी यांच्यात वीतभर मोकळी जागा ठेवली. त्या दोघांचं वर चढून भांडण चाललेलं अजून कानात आहे. "सरळ धर की बे!" "तूच वाकडा हायस, लादी सरळच हाय!"

मामा खाली उभे राहून बघत होते. "उंदीर लागतील," म्हणाले. "वाळवी लागंल." पण त्या दुपारी जेवल्यावर ते देवळाकडं गेले नाहीत. देऊळ तेव्हा उघडलं होतं. ते बाजेवर आडवे झाले. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातल्या दुपारी बदलल्या. गार झाली खोली असं मी म्हणणार नाही. वैशाख तो वैशाख. पण वरून जी धग डोक्यावर ओतल्यासारखी यायची, ती थांबली. पानाचं फडकं सकाळी भिजवलं की संध्याकाळपर्यंत ओलं राहायला लागलं. मामांनी ते स्वतः माझ्या हातात देऊन दाखवलं, "हात लाव." बस, एवढंच.

उठल्यावर चहा पिता पिता ते गोष्टी सांगायचे. माळवदावर लहानपणी बाजरीच्या पेंढ्या वाळत घालायचे त्या. निजामाच्या वेळचे शिक्के त्यांच्या वडलांनी मातीच्या थरात पुरून ठेवले होते आणि मग जागाच विसरले, ती फजिती. माळवद उतरवलं तेव्हा मामांनी माती चाळून बघितली होती म्हणे. "सापडले का?" मी विचारलं. "एक घुंगरू सापडलं बैलाचं," म्हणाले. आणि मधूनच मला विचारायचे, "त्या तुझ्या न दिसणाऱ्या जिवाचं सांग काय तरी." मी सांगायची. मला वाटतं, त्या घरात मी सून म्हणून सात वर्षं राहिले आणि माणूस म्हणून त्या उन्हाळ्यात राहायला लागले.

मग श्रावण आला. झड लागली होती. सोमवार, मामांचा उपास. मी दुकानात गिऱ्हाइकाला साबुदाणा तोलून देत होते, तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला, अगदी शांत. "सूनबाई, जरा इकडं ये. वर बघ. उगवलंय तुझं."

मी धावत आत गेले आणि वर बघितलं. कोपऱ्यातल्या दोन लाद्यांमधून पांढऱ्याशुभ्र अळिंबीचे घोस खाली लोंबत होते. कानाच्या पाळीसारखे, एकावर एक. बरोबर मामांच्या उशाच्या वर. श्रावणी सोमवारी, पूजेच्या माणसाच्या डोक्यावर.

काय झालं ते मला लगेच कळलं. शेवटच्या लाद्यांच्या वेळी बेकरीत सणाच्या ऑर्डरीमुळं भट्टी मोकळी नव्हती. मी आठ लाद्या नुसत्या उन्हात वाळवल्या होत्या, आणि पुरे झालं असं स्वतःलाच सांगितलं होतं. आतमध्ये बुरशी जिवंत राहिली. त्यात पत्र्याच्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी झिरपलं, आणि तिला जे हवं होतं ते मिळालं. घाई माझी होती. पावसाला दोष देऊन चालणार नव्हतं.

"मामा, मी आत्ताच काढून टाकते. सगळंच काढते," मी म्हणाले.

त्यांनी बाज उचलून दुकानात नेली आणि तिथंच झोपायला लागले. आठ दिवस. जेवायचे, पूजा करायचे, गिऱ्हाइकं बघायचे, पण मधल्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नवरा म्हणाला, "राहू दे तशाच लाद्या, बोलतील ते." मला मात्र वाटत होतं, आता कधी 'फुडं?' म्हणून विचारणार नाहीत.

आठव्या दिवशी सकाळी मी स्टुलावर चढून लाद्या उतरवायला लागले, तर मागं मामा उभे. "सगळ्या कावून काढतीस?"

"तुम्हाला चालत नाही ना, मामा."

"कच्च्या किती हायत?"

"आठ."

"मंग आठच काढ." मग ते आत आले. उगवलेल्या दोन लाद्या त्यांनी स्वतः खाली घेतल्या. मला वाटलं फेकतील. पण त्यांनी त्या दोन्ही हातांवर धरल्या. "ह्या भट्टीत घालू नको. वर आलेला जीव हाय. शेतात उकिरड्यावर ठेव, जगंल त्याचं त्यो."

"आणि बाकीच्या सहा?"

"त्या नीट भाज. अर्धवट केलंस म्हनून हे झालं. मारायचं बी अर्धवट, जगवायचं बी अर्धवट, असं करू नये." हे रागानं म्हणाले नाहीत. दुकानात नव्या पोराला वजन करायला शिकवावं तसं म्हणाले. "आन् वरून चुना लावला का तू?"

चुना मला सुचला नव्हता. मामांनी सांगितलं, त्यांची आई पावसाळ्याआधी भिंतींना चुन्याचे दोन हात द्यायची, म्हणजे ओल आली तरी बुरा धरायचा नाही. मी मनातल्या मनात शास्त्र लावून बघितलं. चुना क्षार, बुरशीला तो सोसत नाही. बरोबर होतं. आमच्या पुस्तकात कुठंतरी असणारच, पण मला ते एका दुकानदारानं शिकवलं.

त्या दिवशी ते माझ्याबरोबर बेकरीत आले. भट्टीपुढं खुर्ची टाकून बसले. आतला जाळ बघत नव्हते, रस्त्याकडं तोंड करून बसले होते, पण सहाही लाद्या निघेपर्यंत उठले नाहीत. बेकरीवाल्यानं चहा दिला. तो त्यांनी घेतला. मग घरी आल्यावर चुना भिजवला, दोन दिवस मुरू दिला, आणि आम्ही दोघांनी मिळून लादी न् लादी उतरवून तिच्या दोन्ही बाजूंना कुंच्यानं हात दिले. त्यांच्या सदऱ्यावर, माझ्या पदरावर, जिन्यावर, सगळीकडं पांढरे ठिपके. पत्र्याचं भोक नवऱ्यानं बुजवलं. दोन लाद्या नव्या केल्या. श्रावण संपायच्या आत मामांची बाज परत मधल्या खोलीत आली.

त्यानंतर गावातली माणसं बघायला येऊ लागली. बेकरीवाल्यानं आपल्या आईच्या खोलीसाठी लाद्या मागितल्या. त्या केल्या. आणखी एका शाळामास्तरांच्या घरी केल्या. एकट्या बाईच्या हातून, बेकरीच्या उरलेल्या गर्मीवर, त्यापेक्षा जास्त झालं नाही. कुणी म्हणालं, कारखाना काढा. नवऱ्याला आणि मला दोघांनाही ते झेपण्यासारखं नव्हतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटत नाही.

मामा तीन उन्हाळे त्या छताखाली झोपले. चौथ्याच्या आधीच, संक्रांतीनंतर चार दिवसांच्या तापानं गेले. आमच्यात बसवून मातीत ठेवतात. शेतातल्या त्या खड्ड्यापाशी मला रडू आलं, पण भीती वाटली नाही. माती म्हणजे काय, तिच्यात कोण कोण राहतं आणि काय काय करतं, हे मी त्यांना चहाच्या वेळी कितीदा तरी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते नीट ऐकून घेतलं होतं.

आता आम्ही अंबाजोगाईत राहतो. मी कॉलेजात प्रयोगशाळेचं काम बघते. वर स्लॅब आहे, तीही तापतेच. दिंद्रुडचं घर एका जोडप्याला भाड्यानं दिलंय. तो गावच्या शाळेत शिक्षक, ती घरी, आणि सहा महिन्यांचं बाळ. गेल्या मे महिन्यात कागदपत्रं न्यायला मी एकटीच तिथं गेले होते. दुपारची वेळ. मधल्या खोलीत झोळी बांधलेली, बाळ गाढ झोपलेलं. मी हळू आवाजात बोलत होते.

ती म्हणाली, "ताई, बारा वाजले की पुढच्या खोलीत आम्ही भाजून निघतो. हितं आलं की बाळ झोपतं. हे छत कशाचं आहे? आमचे हे म्हणतात थर्माकोल आहे."

"पऱ्हाटीचं आहे," मी म्हणाले. "आणि बुरशीचं."

तिचा विश्वास बसला नाही. ती बाजेवर चढली आणि तिनं टाचा उंच करून चुन्याच्या पांढऱ्या कडेला हात लावला. खाली उतरून बोटं नाकाशी नेली. "वास तर काहीच नाही."

"नसतोच."

"माझ्या माहेरी आईच्या डोक्यावर पत्रेच आहेत. वडवणीच्या बाजूला," ती म्हणाली. "हे अवघड असतं का ताई?"

मी बाळाच्या झोळीला एक हलका झोका दिला आणि तिच्या शेजारी बाजेवर बसले. "पऱ्हाट्या कोरड्या असतानाच आणायच्या," मी सांगायला लागले, आणि ती उठून कागद-पेन शोधायला गेली.